सांधेदार बाहुल्यांचा संग्रह : एका छंदाचा अभ्यास

संग्रहाची आवड मनुष्यस्वभावात खोल रुजलेली आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे, तर कोणी समुद्रकाठचे शिंपले. वरवर पाहता हे सारे रिकामपणचे उद्योग वाटतात. परंतु डोळसपणे केलेला कोणताही संग्रह हा एक प्रकारचा ग्रंथच असतो. तो वाचता आला पाहिजे, एवढेच.

व्यंगचित्रपटांतील पात्रांच्या, हातपाय हलविता येणाऱ्या छोट्या बाहुल्या जमविण्याचा छंद गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत चांगलाच फोफावला आहे. या बाहुल्यांना तिकडे 'ॲक्शन फिगर' म्हणतात. आम्ही त्यांना सांधेदार बाहुल्या म्हणू. हा छंद पोरकट आहे, असे पुष्कळांना वाटते. त्यात अभ्यासण्याजोगे काय आहे, हे दाखविण्यासाठी आम्ही येथे एकच उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरील 'द सिम्पसन्स' या व्यंगचित्रमालिकेतील कुटुंबाच्या बाहुल्या. या एका उदाहरणात शिल्प, यंत्र, व्यापार आणि समाज अशा चारही अंगांचा विचार करावयास मिळतो.

बाहुलीला सांधे केव्हा आले?

हलणारे खेळणे ही आधुनिक युगाची निर्मिती नव्हे. मोहेंजोदडो येथील उत्खननात मान हलविणारा मातीचा बैल सापडला आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक मुलींच्या भाजलेल्या मातीच्या बाहुल्यांना हातपाय वेगळे करून दोरीने किंवा तारेने जोडलेले असत. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेल्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या, तर सांध्याचे महत्त्व एका क्षणात ध्यानी येते. लाकडाचा निर्जीव ठोकळा मानेत आणि खांद्यात वळू लागला, की प्रेक्षकांना तो जिवंत भासू लागतो.

आजच्या अर्थाने 'ॲक्शन फिगर' हा शब्द मात्र १९६४ सालचा. अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपनीने त्या वर्षी 'जी. आय. जो' नावाचा सैनिक विक्रीस आणला. त्याची उंची सुमारे २९ सेंटिमीटर होती आणि त्याला २१ हलणारे भाग असल्याची जाहिरात करण्यात आली होती. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे १९५९ मध्ये, 'बार्बी' ही बाहुली बाजारात येऊन मुलींमध्ये लोकप्रिय झाली होती. मुलगे 'बाहुली' या शब्दाला नाक मुरडतील, अशी विक्रेत्यांना भीती होती. म्हणून वस्तू जवळजवळ तीच ठेवून तिला नवे नाव देण्यात आले. एका नावाच्या बळावर एक नवी बाजारपेठ उभी राहिली. भाषेचे सामर्थ्य पाहावयाचे असेल, तर याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

पुढे १९७७ साली 'स्टार वॉर्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला. केनर या कंपनीने त्यातील पात्रांच्या सुमारे साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या लहान बाहुल्या काढण्याचे ठरविले. आकार लहान करण्यात मोठी दूरदृष्टी होती. बाहुली हातभर असेल, तर तिच्यासाठी विमान किंवा गाडी केवढी करावी लागेल? बाहुली बोटाएवढी झाली, की तिच्याभोवती सारे जग उभे करता येते. परंतु त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार होईनात. तेव्हा कंपनीने चक्क एक रिकामे पाकीट विकले. आत होते एक प्रमाणपत्र. ते पाठविले म्हणजे पहिल्या चार बाहुल्या पुढील वर्षी टपालाने घरी येत. लोकांनी तेही विकत घेतले! वस्तूपेक्षा वस्तूची ओढ अधिक मोलाची ठरू शकते, हे व्यापाऱ्यांना त्या दिवशी उमगले.

सांध्यांचे प्रकार

आमच्या विद्यार्थ्यांनी शरीरशास्त्राच्या धड्यात बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा यांविषयी वाचलेले असेलच. बाहुली बनविणाऱ्या कारागिरालाही हेच प्रकार उपयोगी पडतात. कोपर व गुडघा एकाच दिशेने वाकतात, म्हणून तेथे बिजागरी. खांदा व मांडीचा सांधा चोहोबाजूंना फिरतो, म्हणून तेथे उखळ. मान किंवा कंबर केवळ डावीउजवीकडे वळवावयाची असेल, तर साध्या खुंटीवर फिरणारा सांधा पुरतो. सुरुवातीच्या 'स्टार वॉर्स' बाहुल्यांत मान, दोन खांदे आणि दोन मांड्या असे पाचच सांधे असत.

सांधे वाढविले की बाहुली अधिक ठेवणींत उभी करता येते. पण प्रत्येक सांध्यागणिक खर्च वाढतो, तो भाग नाजूक होतो आणि शिल्पाची अखंड रेषा तुटते. म्हणून उत्तम कारागीर प्रथम असा प्रश्न विचारतो, की या पात्राला हालचाल कोणती हवी? सैनिकाला रांगावे लागेल, नेम धरावा लागेल. त्याला पुष्कळ सांधे हवेत. दिवसभर कोचावर बसून दूरचित्रवाणी पाहणाऱ्या गृहस्थाला मात्र थोडेच पुरतात. हा गृहस्थ म्हणजेच होमर सिम्पसन.

सिम्पसन कुटुंब

मॅट ग्रोनिंग या व्यंगचित्रकाराने निर्मिलेले हे कुटुंब १९ एप्रिल १९८७ रोजी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातील छोट्या चित्रफितीच्या रूपाने प्रथम लोकांपुढे आले. अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका १७ डिसेंबर १९८९ पासून सुरू झाली. अणुविद्युत केंद्रात नोकरी करणारा आळशी पण प्रेमळ बाप होमर, उंच निळ्या केसांची समंजस आई मार्ज, दहा वर्षांचा व्रात्य बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान लिसा आणि तोंडात चोखणी असलेली तान्ही मॅगी अशी ही पाच माणसे स्प्रिंगफील्ड नावाच्या कल्पित गावात राहतात. ग्रोनिंगने आपल्या आईवडिलांची व बहिणींची नावे या पात्रांना दिली. 'बार्ट' हे नाव मात्र इंग्रजीतील 'व्रात्य कार्टे' या अर्थाच्या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेले आहे. वर्षे लोटली तरी या कुटुंबातील कोणाचेही वय वाढत नाही. २०१८ साली भागांच्या संख्येत या मालिकेने 'गनस्मोक' या जुन्या मालिकेला मागे टाकले आणि अमेरिकेतील रात्रीच्या मुख्य वेळेच्या कथामालिकांत पहिला क्रमांक मिळविला.

नुसत्या काळ्या सावलीवरूनही ओळखू यावे, असे प्रत्येक पात्राचे रेखाटन आहे. मार्जच्या केसांचा मनोरा, बार्टच्या डोक्यावरील करवतीसारखे दाते, लिसाचे चांदणीसारखे केस, पिवळी कातडी, प्रत्येक हाताला चारच बोटे. कागदावर हे फार सोपे. परंतु कागदावरील चित्राला मागची बाजू नसते. बाहुलीला मात्र पाठ असते, डोक्याचा माथा असतो. चित्रात लिसा कोणत्याही बाजूला वळली तरी तिचे केस चांदणीसारखेच दिसतात. मूर्तीत ते कसे साधावे? सपाट रेषेला घनरूप देताना मूर्तिकाराला अनेक तडजोडी कराव्या लागतात. त्याने कोणती रेषा राखली आणि कोणती सोडली, हे पाहणे हा या बाहुल्यांच्या अभ्यासातील सर्वांत रसाळ भाग होय. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने हा प्रयोग शाडूच्या मातीत स्वतः करून पाहावा, म्हणजे त्यातील अडचण पटेल.

'स्प्रिंगफील्डचे जग'

या कुटुंबाच्या बाहुल्या मॅटेल कंपनीने १९९० साली प्रथम काढल्या. त्यांच्यासोबत, व्यंगचित्रात पात्राच्या तोंडून निघतात तसे, बदलता येणारे संवादाचे फुगे दिलेले होते. परंतु संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाची माला ठरली ती हाँगकाँग येथील प्लेमेट्स या कंपनीची. 'वर्ल्ड ऑफ स्प्रिंगफील्ड' हे तिचे नाव. ती २००० साली सुरू झाली आणि २००४ साली थांबली. या अवधीत सुट्या बाहुल्यांचे १६ गट निघाले.

या मालेची मूळ कल्पना अशी की केवळ पाच माणसांचे कुटुंब नव्हे, तर त्याचे सारे गाव घडवावयाचे. आजोबा, अणुकेंद्राचा धनी बर्न्स, विदूषक क्रस्टी यांच्यापासून तो एखाद्या प्रसंगात क्षणभर दिसलेल्या गौण माणसापर्यंत शंभराहून अधिक बाहुल्या निघाल्या. प्रमुख पात्रांची निरनिराळ्या पोशाखांतील रूपेही आली. बाहुल्यांबरोबर ठिकाणेही होती : घरातील बैठकीची खोली, अणुविद्युत केंद्र, वाणसामानाचे दुकान वगैरे. बाहुलीच्या पायाखालची जोडणी त्या ठिकाणच्या ठरावीक जागी बसविली, की आपल्यावर कोण उभे आहे हे त्या ठिकाणाला 'ओळखू' येई आणि त्याच पात्राच्या आवाजातील वाक्ये ऐकू येत. स्थळ बदलले की बोलणेही बदले. खेळण्यातील विद्युत्‌रचनेचा असा चतुर उपयोग पाहून विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कौतुक वाटेल.

व्यापाराची चतुराईही याच रचनेत दडलेली होती. पहिल्या गटात होमर, बार्ट व लिसा सुटे मिळत. पण मार्ज आणि मॅगी मिळत त्या बैठकीच्या खोलीबरोबर. म्हणजे कुटुंब पुरे करावयाचे, तर खोली घेणे भाग. खोली घेतली, की तिच्यावर उभे करून बोलके करण्यासाठी आणखी बाहुल्या हव्याशा वाटणार! अपुरेपणाची टोचणी हे या व्यापाराचे मुख्य भांडवल आहे, हे जमविणाऱ्याने कधी विसरू नये.

दुर्मीळता आणि किंमत

कोणती बाहुली पुढे महाग होते? सर्वांत सुंदर ती, असे उत्तर आपण पटकन देऊ. पण ते बरोबर नाही. होमर हा सर्वांचा आवडता. त्याच्या बाहुल्या अमाप निघाल्या आणि म्हणूनच त्या स्वस्त राहिल्या. मालेच्या अखेरीस मागणी ओसरली, तेव्हा दुकानदारांनी थोडाच माल मागविला. त्यामुळे शेवटच्या गटांतील कमी परिचित पात्रे दुर्मीळ झाली. काही संच एखाद्याच दुकानसाखळीत मिळत. उदाहरणार्थ, मालिकेतील वार्षिक भुताखेतांच्या भागांवरील संच 'टॉईज आर अस' या दुकानांसाठी राखलेले होते. अर्थशास्त्रातील मागणी आणि पुरवठ्याचा नियम येथे मूर्तिमंत उभा राहतो.

कधी कधी दुर्मीळता ही सुरक्षिततेतून जन्मते. 'स्टार वॉर्स' मधील बोबा फेट या पात्राच्या पाठीवरून खरोखर उडणारे छोटे अग्निबाण बसविण्याची केनर कंपनीची योजना होती. असा लहान तुकडा मुलांच्या घशात अडकेल, या भीतीने ती बाहुली विक्रीस आलीच नाही. चाचणीसाठी केलेले मोजके नमुने तेवढे उरले. त्यांपैकी एक २०२४ साली अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना गेला. अशी बातमी वाचली, की प्रत्येकाला आपल्या कपाटात धन दडले आहे असे वाटू लागते. परंतु तो नमुना महाग झाला याचे कारण तो कोणी जपून ठेवील या हेतूने केलेलाच नव्हता. 'संग्राहकांसाठी खास' असा शिक्का मारून जी वस्तू विकली जाते, ती हजारो लोक जपून ठेवतात. मग ती दुर्मीळ व्हावी कशी?

वेष्टण न फोडलेल्या बाहुलीला उघडलेलीपेक्षा अधिक किंमत येते, म्हणून कित्येक संग्राहक डबा कधीच उघडत नाहीत. यावर आमचे मत असे आहे : ज्याने सांधे कधी हलविले नाहीत, त्याला सांधेदार बाहुलीचे मर्म कळले असे म्हणवत नाही. ठेव म्हणून ठेवावयाचे असेल, तर पोस्टाचे बचत खाते अधिक भरवशाचे आहे.

अपूची बाहुली

आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा एक मनुष्य याच गावात राहतो. त्याचे नाव अपू नहासपीमापेटिलन. तो भारतातून अमेरिकेत गेलेला, संगणकशास्त्रातील पदवीधर संशोधक. पण गावात वाणसामानाचे दुकान चालवितो. २००० साली दुकानाच्या संचाबरोबर त्याची बाहुली आली. तिला दुकानावर उभी करताच ती अपूच्या सुप्रसिद्ध हेलात बोलू लागे.

हा हेल हँक अझारिया या अमेरिकन नटाचा होता. तो भारतीय वंशाचा नव्हता. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत याच हेलाने चिडविले जाई. भारतीय आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला विनोदकार हरी कोंडाबोलू याने २०१७ साली 'द प्रॉब्लेम विथ अपू' हा अनुबोधपट काढून हे दुःख बोलून दाखविले. प्रश्न असा होता की दूरचित्रवाणीवर आपल्या जातकुळीचे एकच माणूस दिसत असेल आणि तेही हसण्यासाठीच असेल, तर मुलांनी स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? यावर पुष्कळ वाद झाला. काहींच्या मते अपू हा गावातील सर्वांत कष्टाळू आणि सज्जन माणसांपैकी एक. मालिकेत तर सर्वांचीच थट्टा होते. शेवटी जानेवारी २०२० मध्ये अझारिया याने अपूचा आवाज देणे सोडत असल्याचे सांगितले.

आम्हांला वाटते, बाहुली अभ्यासण्याचे खरे कारण येथे सापडते. खेळणे निरुपद्रवी दिसते, म्हणूनच त्यातून दिलेली समजूत मुलाच्या मनात नकळत उतरते. 'भारतीय माणूस कसा असतो' याचे उत्तर ज्या अमेरिकन मुलाला केवळ त्या बाहुलीने दिले, त्याच्याशेजारी बाकावर बसलेल्या भारतीय मुलाला ते उत्तर सोसावे लागले. आपणही आपल्या नाटकांत, विनोदांत, स्नेहसंमेलनातील सोंगांत कोणत्या समाजाचा हेल हशासाठी वापरतो, याचा विचार या निमित्ताने करावा. भिन्नभाषिकांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. आपण त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेलो आहोत.

आपल्याकडील धागा

या छंदाशी आपला संबंध केवळ प्रेक्षकाचा नाही. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल या भारतीय कंपनीने परवान्याने 'जी. आय. जो' च्या छोट्या बाहुल्या भारतात बनविल्या. या कंपनीचे कारखाने गोव्यात व तामिळनाडूतील राणीपेट येथे आहेत. मूळ अमेरिकन बाहुल्यांहून येथील बाहुल्यांचे रंग पुष्कळदा निराळे असत. एखाद्या सैनिकाला भलताच भडक गणवेश मिळे. त्या वेगळेपणामुळेच परदेशांतील संग्राहक आज भारतीय बाहुल्या आवर्जून शोधतात. आपल्या घराच्या माळ्यावर तुटक्या खेळण्यांच्या डब्यात पडलेली वस्तू दूरदेशीचा जाणकार भिंग लावून पाहत असेल, हे किती जणांना ठाऊक असते?

संग्रह कसा ठेवावा?

आता थोडे व्यवहाराचे. बाहुली असो वा दुसरे काही, पुढील नियम सर्वत्र उपयोगी पडतात.

पहिला नियम नोंदीचा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि वहीत तिचे नाव, बनविणारी कंपनी, वर्ष, कोठून व कशी मिळाली, सोबत काय होते आणि काय हरवले आहे, हे लिहावे. बाहुलीच्या पायावर किंवा पाठीवर बारीक अक्षरांत कंपनीचे नाव व साल कोरलेले असते. मात्र ते साल साच्याचे किंवा हक्काचे असू शकते, विक्रीचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. नोंद नसलेला संग्रह ही केवळ अडगळ होय.

दुसरा नियम जतनाचा. ऊन हा प्लास्टिकचा शत्रू. त्याने रंग विटतो, पांढरा भाग पिवळा पडतो. मऊ प्लास्टिकमध्ये घातलेले तेलकट द्रव्य उष्णतेने बाहेर येऊन बाहुली चिकट होते. म्हणून संग्रह थंड, कोरड्या व सावलीच्या जागी ठेवावा. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि गोव्यात पुठ्ठ्याच्या डब्यांना बुरशी लवकर धरते. तेथे ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. सौम्य साबणाच्या पाण्याने व मऊ फडक्याने बाहुली पुसावी. रॉकेल किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य कदापि लावू नये. बोलक्या खेळण्यांतील सेल काढून ठेवावेत, नाही तर ते पाझरून आतील पत्रे गंजतात. अडकलेला सांधा जोराने न पिळता कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून हळुवार फिरवावा.

तिसरा नियम मर्यादेचा. 'सर्व काही' जमविणे कोणालाही शक्य नाही. स्वतःला एक प्रश्न घालून द्यावा. उदाहरणार्थ, एका कुटुंबातील पाचच माणसे, पण निरनिराळ्या कंपन्यांनी ती कशी घडविली? अशा प्रश्नाभोवती जमविलेल्या दहा वस्तू निरुद्देश शंभर वस्तूंहून अधिक शिकवितात. वडिलांच्या कष्टाच्या पैशावर छंदाचा भार टाकू नये, हे सांगण्याची गरज नसावी. अदलाबदल, जुना बाजार आणि नातेवाइकांचे माळे हीच विद्यार्थ्याची खरी दुकाने.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दाराच्या चौकटी, खेळणी अशा घरगुती वस्तू जमविल्या आणि बालपणीच निवर्तलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. १९७५ साली तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वेळी त्यांनी अडकित्ते उचलले, त्या वेळी ते घरोघरी होते आणि त्यांत पाहण्यासारखे काय आहे असेच लोकांना वाटत असणार. रोजच्या वापरातील वस्तू फार लवकर नाहीशी होते, कारण ती जपावी असे कोणाला वाटत नाही.

प्लास्टिकचा होमर सिम्पसन आणि पितळी अडकित्ता यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांच्या हातात काय होते, त्यांना कशाचे हसू येत होते, त्यांच्या हसण्याने कोण दुखावले जात होते आणि त्यांच्या खिशातील पैसा कोणत्या युक्तीने काढून घेतला जात होता, हे पुढील पिढ्यांना जाणून घ्यावयाचे असेल, तर या सांधेदार बाहुल्या साक्षीला उभ्या राहतील. त्यांच्याजवळ नीट लिहिलेली एक वही असली, की त्यांची साक्ष ग्राह्य ठरेल. ती वही लिहिण्याचे काम आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी, आपल्या घरातील एखाद्या साध्या खेळण्यापासून, या सुटीतच आरंभावे.